माणशी पंधराशे रुपयांत बेघर

कानावर आलंय ते दुर्दैवानं खरं आहे. चांगल्या घरातली, शिकलेली, टू बीएचकेचा हप्ता वेळच्या वेळी भरणारी माणसं शनिवारी सकाळी राजीखुशीनं घराला कुलूप लावतात, रायगड जिल्ह्यात जातात आणि रात्री समुद्रकाठी कापडाखाली झोपतात. कुणी हाकलून दिलं म्हणून नाही. पैसे मोजून! माणशी बाराशे, पंधराशे, लागून सुट्टी आली तर मालक म्हणेल ते. सोमवारी लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा डोळे तांबारलेले, मान एका बाजूला, कानामागे वाळू. आणि वर म्हणतात, "काय रिलॅक्स झालो म्हणून सांगू!"

नका सांगू. फोटोंत सगळं दिसलंय.

कॉलेजातल्या पोरांनी असले उद्योग करावेत, त्यांचं वयच ते. पण हे लोण आता कुठवर पोचलंय याची कल्पना आहे का? आमच्या बिल्डिंगमधली बायकांची भिशी घ्या. त्यांची सहल वर्षानुवर्षं ठरलेली. गणपतीपुळे, नाहीतर नरसोबाची वाडी. पहाटे बस, वाटेत बटाटेवडे, येताना आंबापोळी. यंदा कुणीतरी ग्रुपवर नागावच्या तंबूंचा फोटो टाकला. निळे-केशरी तंबू, त्यांवर दिव्यांच्या माळा, मागे बुडता सूर्य. झालं! सगळ्यांचे अंगठे वर. सेक्रेटरींच्या मिसेसनी तेवढं विचारलं, "बाथरूमचं काय?" त्यांना उत्तरादाखल नाचणाऱ्या बाईचं चित्र मिळालं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका तर बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी गॅरंटीशिवाय कुणाला कर्ज दिलं नाही. तेही निघाले. काकू म्हणाल्या, "अहो, घरात उशी बदलली तरी रात्रभर तळमळता तुम्ही." त्यावर काका म्हणाले, "तिथली गोष्ट निराळी. तिथे निसर्ग असतो." चाळीस वर्षांच्या संसारात काकांच्या तोंडून 'निसर्ग' हा शब्द काकूंनी पहिल्यांदा ऐकला, तोही चक्रीवादळाचा संबंध नसताना.

आता वादळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, कारण या तंबूंचा धागा थोडा तिथपर्यंत जातो. कोकणात राहायला जायची एक रीत होती. आधी फोन करायचा. पलीकडून आजोबा विचारणार, "माणसं किती? जेवणार काय?" मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. खोलीत दोन खाटा, भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, सकाळी बादलीभर कढत पाणी. जेवण साडेबाराला. पावणेदोनला उगवलात तर आजी वाढणार, पण चार शब्द सुनावून. ते शब्दही दरात धरलेले असायचे. मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली तर सुपारी हाताला लागायला पाच-सात वर्षं थांबायचं. तंबू लावला तर शनिवारपर्यंत. हा हिशेब मांडायला कुठल्याही एमबीएची गरज नाही, आणि त्याबद्दल आजोबांच्या नातवाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. नावं ठेवायची ती गिऱ्हाइकाला! मागे घरात पंखा, कडी-कोयंडा, मच्छरदाणी असलेली खोली रिकामी आहे, आणि हे लोक तिच्याकडे पाठ करून पन्नास पावलांवर चार हातांच्या कापडी घुमटात शिरतायत.

बरं, तिथे पोचणं तरी सुखाचं? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला 2011 साली सुरुवात झाली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत कॅम्पिंगला निघतात आणि वडखळच्या कोंडीत आईबापांसारखीच शिव्या देतात. परंपरा म्हणतात ती हीच. ज्यांना वडखळ चुकवायचंय त्यांच्यासाठी मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. गाडी बोटीच्या पोटात, माणसं वरच्या डेकवर, तासाभरात पलीकडे. त्या तासाभरात काढलेल्या फोटोंवर पुढचा आठवडा निघतो.

आणि सामान! चौल-रेवदंड्याच्या या किनाऱ्यावर पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता. विकायला म्हणून बिचाऱ्यानं सोबत एक घोडा आणला होता. आजचे प्रवासी हवा भरायचा गुलाबी फ्लेमिंगो आणतात आणि पंप घरी विसरतात. मग पायपंपासाठी सायकलवाल्याचा शोध. शिवाय ब्लूटूथ स्पीकर, रिंग लाइट, हॅमॉक, तीन प्रकारचं सनस्क्रीन आणि 'असू दे' म्हणून आईनं भरून दिलेला चिवड्याचा डबा. रात्री अडीचला सगळ्यांना जगवतो तो हा डबा, पण फोटोत त्याला कुणी घेत नाही. वाटेत आक्षीला मराठीतल्या अतिप्राचीन शिलालेखांत गणला जाणारा दगड उभा आहे. त्याच्यापुढे कुणाची गाडी थांबल्याचं मी ऐकलेलं नाही. गाडी थांबते ती थेट झोपाळ्यापाशी, ज्याच्या डोक्यावर दिव्यांच्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी लिहिलेलं असतं.

आता खरी गंमत ऐका. कॅम्पिंग म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? स्वतः खुंट्या ठोकायच्या, दोर ताणायचे, लाकूडफाटा गोळा करायचा. छे! तंबू आधीच रांगेत उभे असतात. आत गादी, उशी, बल्ब आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट. चेक-इन चारला, चेक-आऊट दहाला. कोरड्या वाळूत साधी खुंटी धरत नाही, तिला वाळूनं भरलेली पिशवी बांधून पुरावी लागते, हे ज्ञान फक्त तंबू लावणाऱ्या पोरांना. पाहुण्यांचं काम एकच, आत जाऊन नापसंती दाखवायची. इथून जवळच किहीमला सलीम अलींनी 1930 साली सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर घरटं विणतो, मादी येते, आतून-बाहेरून तपासते आणि पटलं तरच मुक्काम करते. कॅम्पवर आजही अगदी हेच चालतं. फरक इतकाच की नरानं काही विणलेलं नसतं, ऑनलाइन बुक केलेलं असतं, आणि मादी तपासणी संपवून विचारते, "फोटोत तर मोठा दिसत होता?"

निवांतपणा म्हणाल तर त्याचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलेलं. साडेचारला हाय टी, म्हणजे चहा आणि कांदाभजी. पाचला खेळ. त्यात धनुष्यबाण, दोरीखेच आणि खुर्चीभोवती पळणं. साडेसहाला सूर्यास्त, सातला बार्बेक्यू, आठला गिटारवाला, दहाला जेवण, मग शेकोटी, मग पडद्यावर सिनेमा. पोराबाळांच्या स्नेहसंमेलनातसुद्धा एवढी शिस्त नसते. समुद्राकडे पाहायला म्हणून आलेला माणूस समुद्राकडे पाठ करून सिनेमा पाहतो. भिशीतल्या एका वहिनींनी शांत बसून लाटा ऐकायचा प्रयत्न केला, तर कॅम्पवाला पोरगा धावत आला. "मॅडम, बोअर होतंय का? दांडिया लावू?"

बार्बेक्यूची चर्चा केल्याशिवाय मला झोप यायची नाही. दहीमसाल्यात लोळवलेले पनीरचे चौकोन सळईला टोचून अर्धे कच्चे, अर्धे कोळसा करायचे, हे खायला पुण्याहून अलिबागपर्यंत? अहो, तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात तिथे पोपटी होते! थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, आणि खाणारे असतील तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पुन्हा शेंगा. तोंड पाल्यानं घट्ट दाबून बंद करायचं आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं. भोवती गवत, काटक्या, पातेरा रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. सगळं शिजतं ते शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर. अर्ध्या-पाऊण तासानं पाल्याचा उग्र वास बदलतो, त्यात ओवा मिसळतो, आणि घोळक्यातला एखादा जाणता म्हणतो, "झाली." मग मडकं कागदावर पालथं करायचं आणि बोटं भाजत शेंगा सोलायच्या. काही कॅम्पवाले हिवाळ्यात हे करतात, पण जाहिरातीत तिला 'देशी बार्बेक्यू' म्हणतात. आता याला काय म्हणावं? जिची सर बार्बेक्यूला सात जन्मांत यायची नाही, तिनं त्याचं आडनाव लावायचं!

रात्र पडली की मात्र सभ्यतेच्या सगळ्या मर्यादा सुटतात. तुम्हाला वाटतं तसं नव्हे. तंबूच्या आत बल्ब असतो आणि कापड पातळ असतं, हे आत शिरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. इथे तोच खेळ विनातिकीट, आणि पात्रं आपल्याच सोसायटीतली. एका तंबूत कुणी गुडघ्याला मलम चोळतंय, दुसऱ्यात कुणी दुसऱ्याच्या पिशवीतला चिवडा खातंय, तिसऱ्यात सासूबाई सुनेला बोट नाचवून काहीतरी समजावतायत. आवाजाची तर सोयच विचारू नका. रांगेतल्या कुणाची चेन कितीदा उघडली, कितीला उघडली आणि परत यायला किती वेळ लागला, हे सकाळी नाश्त्याला सगळ्यांना तोंडपाठ.

वाऱ्याची फसवणूक वेगळीच. समुद्राचा वारा अंगावर घेत झोपायचं म्हणून तंबूचं तोंड पाण्याकडे. पण दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे हे शाळेतल्या भूगोलात आपण सगळ्यांनी घोकलंय. रात्री जमीन आधी गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. जमिनीच्या बाजूला कॅम्पवर काय असतं? स्वयंपाकघर, आणि त्याला लागून ती पत्र्याची बाथरूमं. बाकी माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. पहाटेपर्यंत दव पडतं, आतून श्वासांची वाफ धरते आणि कापडावरून थेंब थेट कपाळावर. काका दचकून उठले ते "गळतंय!" असं ओरडतच, टॉवरच्या वरच्या मजल्यावाल्यांशी भांडायची सवय.

आणि उठले म्हणजे काय हो? तंबूतून साठीच्या माणसानं बाहेर पडणं हा एक स्वतंत्र प्रयोग आहे. आधी चेन. ती वाळूनं अडकलेली. मग ती अर्धी उघडून त्यातून मुंडी बाहेर. मग दोन हात वाळूत. मग एक गुडघा. दुसरा गुडघा गादीच्या चादरीत. थोडा वेळ विचार. मग मागून काकूंचा धक्का. काका चारी पायांवर बाहेर आले तेव्हा समोर किनाऱ्यावरचा कुत्रा बसला होता, तोंडात काकांची डाव्या पायाची चप्पल. दोघं सारख्याच उंचीवरून एकमेकांकडे बघत राहिले. निघाला तो कुत्रा आधी, चपलेसकट.

जाहिरातीत 'समुद्रावरचा सूर्योदय' असं छापलं होतं, म्हणून भिशी पहाटे पाचपासून पाण्याकडे तोंड करून बसलेली. सात वाजले तरी सूर्य येईना. शेवटी तो उगवला मागे, माडांच्या आडून, बाथरूमच्या पत्र्यावर. पश्चिम किनाऱ्यावर दुसरीकडून उगवणार तरी कसा? पण भिशीनं मॅनेजरकडे तक्रार केली ती केलीच.

बाकीचे प्रताप तर तुम्ही वर्तमानपत्रांत वाचताच. ओल्या वाळूवर जीप घालून व्हिडिओ काढायचा, चाकं रुतली की भरतीच्या पाण्यात बॉनेटवर उभं राहून फोन करायचे, मग ट्रॅक्टर, मग पोलिसांत गुन्हा. त्यांचं मला कौतुक नाही, कीव तर मुळीच नाही. भर ओहोटीत, पोटात बाटली घेऊन, गावातला माणूस 'नका जाऊ' म्हणून ओरडत असताना पाण्यात उतरणाऱ्यांची मात्र थट्टा करवत नाही, कारण काशिदसारख्या किनाऱ्यांवर असे किती गेलेत हे तिथल्या माणसांना विचारा.

या वेडाचं खरं पितळ उघडं पडतं ते पौर्णिमेला. 'मून लाइट कॅम्पिंग' म्हणे! पौर्णिमेच्या रात्रीचे तंबू सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत आधी भरतात. पहिली रांग, अगदी पाण्याला लागून, तिचा दर आणखी वरचा. आणि किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. दुपारी बारा, तसेच रात्री बारा. त्यातून पौर्णिमा-अमावस्येचं उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा बरंच वर. एवढं साधं गणित ॲपवाल्यांना येत नाही आणि ज्यांना येतं त्या आजोबांना कुणी विचारत नाही. किनाऱ्यावर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. पाणी साधारण कुठवर येतं ते ती दाखवते आणि वाळू धरूनही ठेवते. ती फोटोत आड येते म्हणून आधी उपटतात आणि तिथेच पहिली रांग मांडतात. मग मध्यरात्री गिटार थांबते, किंकाळ्या सुरू होतात आणि जास्तीचे पैसे भरलेली मंडळी उशा डोक्यावर घेऊन आजोबांच्या खोलीकडे पळतात. पंखा, कडी-कोयंडा आणि मच्छरदाणी असलेल्या त्याच खोलीकडे. आजी दार उघडते. चार शब्द सुनावते. आता ते दरात धरलेले नसतात, ही एकच महागाई.

इतकं हसून झाल्यावर ज्याला खरंच लाज म्हणावी असं एक सांगते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला, रायगडात दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्रीच्या अंधारात. मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि परत समुद्रात जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने. बाहेर आली की ती जिकडे उजेड तिकडे चालायला लागतात, कारण लाखो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यांत उजळ बाजू समुद्राचीच असायची. आता उजळ बाजू आपली: माळा, हॅलोजन, डीजेचे फिरते दिवे. हंगाम दोघांचा एकच, कासवांचा आणि कॅम्पिंगचा. वेळासमध्ये गावानं कासव महोत्सवाची घडी छान बसवली आहे. पाहुणे घरात राहतात, घरचं जेवतात, सकाळ-संध्याकाळ दोरीमागे गुपचूप उभे राहून पिल्लं पाण्यात जाताना पाहतात. तिथे गिटारवाला नाही, आणि कुणाला बोअर झाल्याचं ऐकिवात नाही.

भिशी काय करणार म्हणता? परत जाणार! काकांनी तर बँकेच्या पेन्शनर मंडळींचा वेगळा ग्रुप काढलाय, चपलांचे दोन जोड न्यायचे असं त्यात ठरलंय. मी नको नको म्हणत होते, पण माणसं कमी पडत होती, शिवाय ग्रुपला सूट मिळते. तेव्हा तुम्हीही जाणारच असाल तर कॅलेंडरवर आधी तिथी बघा. अष्टमी धरा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि मध्यरात्री पाणी लांब. स्पीकर घरी ठेवा. दहा वाजता किनाऱ्याकडचे दिवे मालवायला मालकाला सांगा. पैसे तुमचे आहेत, तो ऐकेल. पोपटी खायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच जा आणि मडक्याचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि बुकिंग लवकर करा, लागून आलेल्या सुट्ट्यांचे तंबू महिनाभर आधी संपतात.